आना माग्दालेनाच्या वहीतल्या दोन रचना युकुलेलीवर

हार्पसिकॉर्ड या कळवाद्यासाठी लिहिलेली जुनी युरोपीय रचना युकुलेलीसारख्या चार तारांच्या वाद्यावर कशी आणायची, हे मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला मिळालं नाही. इंग्रजीत तयार टॅब (कुठल्या तारेवर कुठला पडदा दाबायचा ते दाखवणारं लेखन) भरपूर मिळतात, पण अमुक स्वर का ठेवला आणि तमुक का गाळला, हे त्यांत सहसा नसतं. अशा दोन रचना मी युकुलेलीसाठी बसवून पूर्ण केल्या आहेत, त्यांचं नोटेशन छापण्याजोगं झालं आहे आणि कॉपीराइट नोंदणीचे कागदही हाती आले आहेत. म्हणून जसं घडलं तसं, क्रमाने लिहिते. हे काम करायचं मनात असूनही कुठून सुरुवात करावी कळत नाही, अशांना याचा उपयोग व्हावा.

मी सांगलीची. लहानपणी पेटी शिकले, पुढे पुण्यात कॉलेजला असताना पियानोची ओळख झाली. त्यामुळे पाश्चात्त्य नोटेशन वाचता येतं, दोन्ही हातांचं. हे आधीच सांगते, कारण या कामाला डाव्या हाताच्या ओळी वाचता येणं लागतंच. ते येत नसेल तर दोन-तीन महिने आधी त्याच्यावर घालवा. वेळ वाया जात नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं की घरात असलेल्या सोप्रानो युकुलेलीवर एक तरी बारोक (सतराव्या-अठराव्या शतकातली युरोपीय) रचना नीट बसवायची. पहिले काही दिवस वाजवणं नव्हतंच, फक्त कागद-पेन्सिल. हार्पसिकॉर्डचा पल्ला चार ते पाच सप्तकांचा. बारा पडद्यांच्या सोप्रानो युकुलेलीत मधल्या सीपासून वरच्या ए पर्यंतचे स्वर मिळतात, म्हणजे पुरती दोन सप्तकंसुद्धा नाहीत. खर्ज असा नाहीच. त्यात तारा जी, सी, ई, ए अशा लागतात आणि त्यांचा क्रमही सरळ नाही. वाद्य हातात धरलं की सगळ्यात वर, आपल्या हनुवटीकडे येते ती जीची तार. गिटारवर त्या जागी सगळ्यात खालचा स्वर असतो. इथे मात्र जी हा सी आणि ई या दोन्ही तारांपेक्षा उंच असतो. सतार वाजवणाऱ्यांना चिकारी आठवेल: हाताशी सगळ्यात जवळ, पण सुराने वर.

ही उंच जीची तार मला सुरुवातीला अडचण वाटत होती. थोडा इतिहास वाचल्यावर तिच्याकडे बघण्याची नजर बदलली. युकुलेली जन्मली हवाईत, पण तिचं बीज पोर्तुगालच्या मदैरा बेटावरचं. ऑगस्ट १८७९ मध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज उसाच्या मळ्यांवर काम करायला निघालेली मदैरातली कुटुंबं घेऊन होनोलुलूला लागलं. त्यात मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे सुतारकाम जाणणारे कारागीर होते. आपल्याकडच्या छोट्या तंतुवाद्यांवरून त्यांनी तिथे जी वाद्यं घडवली, तीच युकुलेली. आता दोनशे वर्षं आणखी मागे जा. बारोक काळातल्या पाच जोडतारांच्या गिटारच्या वरच्या चार जोड्यांमधली अंतरं युकुलेलीच्या तारांइतकीच होती, आणि पुष्कळ वादक त्यातही खालच्या जागी बारीक, उंच स्वराच्या तारा लावत. स्पेनच्या गास्पार सान्झने १६७४च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की दणकेबाज साथीला जाड तारा बऱ्या, पण नाजूक, नक्षीदार वादन करायचं तर सगळ्या तारा बारीक हव्यात. म्हणजे उंच जी ही काही खेळण्याची खोड नव्हे. बारोकच्या काळातच लोक अशा तारा समजून-उमजून लावत होते.

हार्पसिकॉर्ड तरी काय? कळ दाबली की पिसाच्या देठाची छोटी नखी तार छेडते. तेही छेडण्याचंच वाद्य. फ्रान्समधल्या हार्पसिकॉर्डवादकांनी स्वर एकदम न वाजवता विखरून वाजवायची रीत ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणाऱ्यांकडून उचलली. हे वाचल्यावर माझा धीर वाढला. आपण या संगीताला त्याच्या जुन्या घरी नेतो आहोत, असं मनापासून वाटायला लागलं.

रचना निवडताना मी १७२५च्या वहीकडे वळले. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियान बाखने आपली दुसरी पत्नी आना माग्दालेना हिच्यासाठी ही वही सुरू केली होती. त्यात घरात वाजवल्या जाणाऱ्या रचना उतरवलेल्या आहेत, सगळ्या बाखच्या नाहीत. प्रसिद्ध जी मेजर मिन्युएट (बीडब्ल्यूव्ही, म्हणजे बाखच्या रचनांच्या यादीत, अनुबंध ११४) बराच काळ बाखच्या नावावर होता. तो ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड याचा, हे विसाव्या शतकात स्पष्ट झालं. त्याच वहीत सी मेजर प्रिल्यूडही (प्रस्तावनेसारखी छोटी रचना) आहे (बीडब्ल्यूव्ही ८४६), म्हणजे बाखच्या १७२२च्या 'वेल-टेंपर्ड क्लाव्हिअर' या संग्रहातला पहिला. हे दोन घ्यायचं ठरलं.

नोटेशन कुठून घेता याकडे लक्ष द्या. मूळ रचनांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. पेट्झोल्ड १७३३ मध्ये गेला, बाख १७५० मध्ये. पण आजच्या संपादकाने टाकलेले बोटांचे आकडे, अलंकारांच्या सूचना या त्याच्या असतात. म्हणून मी बाख-गेझेलशाफ्ट या संस्थेची एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती आधाराला घेतली आणि शंका आली तिथे मूळ हस्तलिखिताची छायाचित्रं पाहिली. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रिल्यूड घेताना बार (नोटेशनमधले उभ्या रेघांनी पाडलेले ठोक्यांचे गट) मोजून घ्या: ३५ हवेत. काही जुन्या छापील प्रतींत २२व्या आणि २३व्या बारच्या मध्ये एक जादा बार आहे. तो बाखचा नाही, श्वेंके नावाच्या संगीतकाराच्या प्रतीतून आलेला आहे. फ्रेंच संगीतकार गुनोने या प्रिल्यूडवर 'आवे मारिया' रचलं त्यातही तो बार आहे, त्यामुळे कानाला ओळखीचा वाटतो आणि चटकन लक्षात येत नाही.

मार्चमध्ये मिन्युएटला हात घातला. पहिलं काम म्हणजे उजव्या हाताच्या सुरावटीचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधणं. खालचा डी, मधल्या सीच्या लगेच वरचा. तो शेवटच्या चार बारांच्या सुरुवातीला येतो. वरचा बी, दुसऱ्या भागाच्या पहिल्याच ठोक्याला. जी मेजरमध्येच ठेवलं तर तो बी चौदाव्या पडद्यावर जातो आणि माझ्या सोप्रानोला पडदे बाराच. म्हणून सगळं एक स्वर खाली उतरवून एफ मेजर केलं. आता खालचा डी झाला सी, म्हणजे मोकळी सीची तार, आणि वरचा बी झाला ए, म्हणजे ए तारेचा बारावा पडदा. सुरावट वाद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तंतोतंत बसली. त्या संध्याकाळी मला फार आनंद झाला.

उंच जीचा खरा उपयोग इथे सुरू होतो. एफ, जी, ए, बी फ्लॅट, सी ही चढती ओळ एकाच तारेवर वाजवली तर प्रत्येक नवा स्वर मागच्याला तोडतो. त्याऐवजी असं करा: एफ ई तारेच्या पहिल्या पडद्यावर, जी मोकळ्या जी तारेवर, ए मोकळ्या ए तारेवर, बी फ्लॅट ई तारेच्या सहाव्या पडद्यावर आणि सी जी तारेच्या पाचव्या पडद्यावर. शेजारशेजारचे दोन स्वर कधीच एका तारेवर नाहीत, त्यामुळे एक वाजताना आधीचाही नाद टिकून राहतो. दोन मोकळ्या तारा वाजत असताना डावा हात निवांतपणे पहिल्या पडद्यावरून सहाव्यावर सरकतो. या पद्धतीला कांपानेला म्हणतात आणि सान्झच्या काळी ती पूर्ण बहरात होती. नोटेशनचं मोफत सॉफ्टवेअर (मी म्यूझस्कोर वापरते) टॅब आपोआप तयार करतं, पण ते जवळचा पडदा निवडतं, नाद बघत नाही. प्रत्येक स्वर हाताने योग्य तारेवर हलवावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय मिळाला नाही.

डाव्या हाताचं काय? मूळ खर्ज युकुलेलीच्या सगळ्यात खालच्या स्वराच्याही खाली आहे. तो एक सप्तक वर आणला तर दुसऱ्या बारमध्ये खालचा ए सुरावटीतल्या एफच्या वर जाऊन बसतो, आणि उंच स्वर हीच चाल असं कान धरून चालतो. इथे मी फार दिवस अडले होते. मार्ग निघाला तो असा: त्या बारचा पहिला स्वर सी. तो जी तारेवर घेतलेला असल्याने ए तार मोकळी असते. ए त्या सीबरोबर पहिल्याच ठोक्याला, हलक्या अंगठ्याने वाजवायचा, आणि एफ येण्याआधी तार बोटाने शांत करायची. खर्ज ऐकू येतो आणि चाल पळवून नेत नाही. जिथे असं जमत नाही तिथे तो स्वर मी सरळ गाळला. पण चरणाच्या शेवटी लागणारा खर्जाचा सी कुठेच सोडला नाही, कारण तो मोकळ्या तारेवर खणखणीत मिळतो आणि रचना कुठे थांबते हे तोच सांगतो. सगळं जमवायच्या नादात चारही तारा सतत वाजत्या ठेवल्या तर नाचाची तीन ठोक्यांची लय जड होते. मिन्युएट हा नाच आहे, त्याला चालता आलं पाहिजे.

एक लहानशी देणगीसुद्धा मिळाली. एफ मेजरमध्ये थांबताना शेवटच्या एफच्या आधी जीवर ट्रिल (शेजारचे दोन स्वर झपाट्याने आलटून पालटून) घ्यायची पद्धत आहे, वरच्या एपासून सुरू करून. जी आणि ए दोन्ही मोकळ्या तारा, तेही दोन टोकांच्या. अंगठा जीवर, तर्जनी एवर, आलटून पालटून. डाव्या हाताला काहीच करावं लागत नाही.

मे महिन्यात प्रिल्यूडकडे वळले. इथे वेगळाच प्रश्न. पहिल्या बारचा सगळ्यात खालचा स्वर मधला सी, पण तिसऱ्याच बारमध्ये खर्ज बीवर उतरतो, युकुलेलीच्या टोकाच्या एक अर्धस्वर खाली. आणि हा खर्ज पायरीपायरीने चालतो, त्याची एखादी पायरी उचलून वर ठेवली तर चालणंच मोडतं. या रचनेला उंच जी सोडून खालची जी लावायची, हे तेव्हा ठरलं. मग सोप्रानोही पुरेना. टेनर आकाराची युकुलेली घेतली, ११,००० रुपयांना. हा या सगळ्यातला सर्वांत मोठा खर्च. तुमच्याकडे वाद्य असेल तर तो तुम्हाला नाही.

मला हवी होती तशी जाड जी तार असलेला संच जवळ मिळेना, म्हणून जूनमध्ये बाहेरून मागवला. संच ९०० रुपयांचा, वाहतूक जवळजवळ तेवढीच. पार्सल देशात आल्यावर कुरिअरकडून ओळखीच्या कागदपत्रांची मागणी येते. आधारची प्रत अपलोड केल्याशिवाय सीमाशुल्काची प्रक्रिया पुढे सरकत नाही. मेसेज आला त्याच दिवशी कागद चढवा, आणि बिलावर 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट स्ट्रिंग्ज' असं स्पष्ट लिहिलेलं आहे ना, ते विक्रेत्याला आधीच विचारा. शुल्क दारात भरलं. शक्य असेल तर दोन-तीन जणांनी मिळून मागवा, वाहतूक वाटली जाते.

तार आली, पण वाद्याच्या वरच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या खाचेत ती बसेना. बारीक तारेसाठी कापलेली खाच जाड तारेला अरुंद पडते, आणि जबरदस्तीने बसवली तर सुरात आणताना तार अडकून एकदम घसरते. सांगलीहून मिरज किती लांब? सतार-तंबोऱ्यांचं गाव. त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं होतं. जुलैत, पावसातच, वाद्य घेऊन एका कारखान्यात गेले. भोपळे वाळत टाकलेले, लाकडाचा भुसा, कोपऱ्यात रंगाचा वास. कारागिरांनी वाद्य हातात घेऊन आधी वाजवून पाहिलं.

"ताई, ही तार इथं उंच हवी का खाली?"

"खालची हवी, दादा. खर्जाची."

"मग खाच नुसती रुंद करून भागायचं नाही. तळ गोल पाहिजे, न्हाईतर तार झणझणणार."

बारीक कानसीने त्यांनी खाच घासली, मध्येमध्ये तार बसवून कानाला लावून पाहिली. १५० रुपये झाले. वाद्य परक्या मुलखातलं, पण तार कुठे टेकते आणि का झणझणते हे ज्ञान सगळीकडे एकच. हे काम घरी सुईकानसीने करायच्या भानगडीत पडू नका. खाच खोल गेली तर पट्टीच बदलावी लागते.

आता प्रिल्यूड बसू लागला. पहिल्या बारमध्ये पाच वेगळे स्वर आहेत आणि तारा चार, म्हणजे एक जाणार हे नक्की. मधला ई मी सोडला, कारण ई वरच्या सप्तकात आहेच. उरलेले चार असे: जी तारेचा पाचवा पडदा, सीचा सातवा, ईचा आठवा, एचा सातवा. सगळी बोटं एका मुठीत. तिसऱ्या बारचा बी जी तारेच्या चौथ्या पडद्यावर, शेजारीच.

नवव्या बारपर्यंत खर्ज मूळ उंचीवर राहतो. दहाव्यात तो ए वरून खाली डीवर उडी मारतो. तो डी मी सप्तकभर वर घेतला: उडी खाली होती ती वर झाली, पण उडी उडीच राहिली, कानाला खटकत नाही. खरी पारख बाराव्या ते सतराव्या बारची. तिथे खर्ज जी, एफ, ई, डी असा जिना उतरतो आणि जीच्या खालचं काहीच आपल्याकडे नाही. एफपासून वर नेलं तर जिन्याच्या मधोमध भगदाड पडतं. अकराव्या आणि बाराव्या बारचा खर्ज मात्र एकच, जी. म्हणून अकराव्यात तो मोकळ्या खालच्या तारेवर घेतला आणि बाराव्यात तोच जी एक सप्तक वर. तिथून पुढचा जिना अखंड उतरतो. वरच्या स्वरांना जागा कमी उरते, मधले काही गाळावे लागतात, ते मी गाळले. सप्तक बदलायचंच असेल तर ते उडीच्या जागी किंवा त्याच स्वरावर बदलावं, चालत्या ओळीच्या मध्ये कधीच नाही. या कामातून मला मिळालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.

शेवटचा भाग तर या वाद्यासाठीच लिहिल्यासारखा निघाला. २४व्या बारपासून खाली जी धरून ठेवलेला आहे आणि शेवटच्या चार बारांत सी. दोन्ही मोकळ्या तारा! डावा हात वर हवं ते करायला मोकळा.

दिवाळीपर्यंत दोन्ही रचनांचं नोटेशन आणि टॅब एकाखाली एक असं तयार झालं. पुण्यातल्या एका शिक्षिकांना ते विद्यार्थ्यांच्या संग्रहात घ्यायचं होतं आणि त्यांच्या छापणाऱ्याने हक्कांबद्दल कागद मागितला. भारतीय कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेची 'अरेंजमेंट किंवा ट्रान्स्क्रिप्शन' हे रूपांतर मानलं जातं. नोंदणी सक्तीची नाही. पण हवी असेल तर ऑनलाइन अर्ज करता येतो, फॉर्म १४. संगीतरचनेसाठी दर रचनेला ५०० रुपये, म्हणजे मला १,००० पडले. अर्जातल्या 'पुढील तपशील' या भागात रचना मूळ आहे की रूपांतर, असा प्रश्न येतो. तिथे 'सार्वजनिक मालकीच्या रचनेचं रूपांतर' हा पर्याय निवडायचा आणि मूळ रचनाकाराचं नाव नीट भरायचं. मिन्युएटला पेट्झोल्ड लिहिलं. नोटेशनची पीडीएफ आणि सही आधीच स्कॅन करून ठेवा. पैसे भरल्यावर डायरी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावरच होते. त्यानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावंच लागतं आणि मगच तपासणी सुरू होते. मी डिसेंबर २०२४ मध्ये अर्ज केला, कागद पुढच्या पावसाळ्यात आले. घाई असेल तर हे वेळापत्रकात धरून चाला. शिक्षिकांच्या छापणाऱ्याला दरम्यान डायरी क्रमांक आणि माझं संमतीपत्र पुरलं.

आता बाखच्याच काळातल्या डोमेनिको स्कार्लातीची डी मायनरमधली छोटी आरिया (गाण्याच्या ढंगाची रचना) घेतली आहे, किर्कपॅट्रिकने केलेल्या त्याच्या रचनांच्या यादीत ती ३२व्या क्रमांकावर आहे. त्याच्या ५५५ सोनाटांत गिटारचे झंकार जागोजागी ऐकू येतात आणि या आरियाला उंच जी लावायची की खालची, हे अजून ठरायचं आहे. एकीला उंच जी आणि दुसरीला खालची जी लावलेल्या दोन युकुलेली समोर ठेवून खर्जाची ओळ आधी लिहून काढते आहे. कुणी हिच्यावर काम केलं असेल तर तुम्ही पहिला खर्ज कुठे ठेवलात, ते जरूर कळवा.